उंटाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं का? आणि केंद्रकाशिवाय पेशी जगते कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्पर्धा परीक्षेच्या एका मार्गदर्शकात "सस्तन प्राण्यांत फक्त उंट आणि लामा यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असतं" असं छापलंय, कॉलेजच्या पुस्तकात तसं नाही. खरं कुठलं? आणि केंद्रकच नसेल तर ती पेशी चार-चार महिने जगते कशी, तिला जिवंत तरी म्हणायचं का?

पहिल्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो. उंटाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. लामा आणि अल्पाका या दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या भाऊबंदांच्याही नाही. पूर्ण तयार झालेल्या तांबड्या पेशीत नियमानं केंद्रक असलेला सस्तन प्राणी नाहीच. मी पशुवैद्यक आहे आणि गेली सत्तावीस वर्षं जनावरांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हेच माझं रोजचं काम आहे. विदर्भात मेंढ्या आणि उंट घेऊन फिरणाऱ्या कच्छी रबारी लोकांच्या एका सांडणीचं रक्त माझ्याकडे तपासायला आलं होतं. केंद्रक जांभळं दाखवणाऱ्या जिम्सा या रंगानं रंगवलेली ती स्लाइड मी गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ पाहत बसलो. काकडीच्या बियांसारख्या लांबट, चपट्या, एकसारख्या गुलाबी पेशी. जांभळा ठिपका कुठेही नाही.

ही चूक कशी पसरली असेल याचा अंदाज करता येतो. कोंबडी, सरडा, बेडूक, मासा यांच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि त्यांत केंद्रक असतं. बाकीच्या सस्तन प्राण्यांच्या पेशी गोल आणि केंद्रकाविना. उंट आणि त्याचे भाऊबंद तेवढे सस्तन असून लंबगोल पेशीवाले. मग कुणीतरी "लंबगोल आहे म्हणजे केंद्रकही असणार" असं जोडून टाकलं असेल, आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात ते उतरत गेलं.

पण उंटाची पेशी लंबगोल आहे ही गोष्ट स्वतःच लक्ष देण्याजोगी आहे. तिची लांबी सुमारे ८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), रुंदी त्याच्या निम्मी. माणसाच्या पेशीला मधोमध असतो तसा खळगा तिला नसतो, ती सरळ चपटी असते. तहानलेला उंट आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याइतकं पाणी गमावूनही चालत राहतो, आणि पाणी मिळालं की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पिऊ शकतो. एवढं पाणी रक्तात येऊ लागलं की रक्तद्रव पातळ होतं आणि पाणी पेशीत शिरू लागतं. आपल्या किंवा गाईच्या पेशी मूळच्या साधारण दीडपट फुगल्या की फुटतात. उंटाची पेशी २४० टक्क्यांपर्यंत फुगूनही टिकते. तिच्या पटलात, म्हणजे बाहेरच्या आवरणात, मेदाच्या मानानं प्रथिनं फार जास्त असतात आणि पटलाखालची जाळी घट्ट विणलेली असते, म्हणून हे जमतं. केंद्रकाचा याच्याशी काही संबंध नाही.

आता खरा प्रश्न. केंद्रक नसतं म्हणजे कधीच नव्हतं असं नाही. प्रत्येक तांबडी पेशी अस्थिमज्जेत जन्मते तेव्हा तिला भलंमोठं, ठसठशीत केंद्रक असतं. मूत्रपिंडातून येणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक तिला जगवतं आणि वाढवतं. आठवडाभरात ती चार-पाच वेळा विभागते, दर वेळी लहान होते, हिमोग्लोबिननं भरत जाते आणि केंद्रक आवळत जाऊन काळं, घट्ट होतं. मग ती ते केंद्रक पटलाच्या पातळशा आवरणात गुंडाळून चक्क बाहेर ढकलते. शेजारी एक मोठी भक्षकपेशी बसलेली असते. तिच्याभोवती या वाढत्या पेशी, कोंबडीच्या पंखाखाली पिलं बसावीत तशा चिकटलेल्या असतात. बाहेर पडलेलं केंद्रक ती गिळते आणि पचवते. फ्रान्सच्या मार्सेल बेसिस यांनी १९५८ साली पेशींचे हे पुंजके दाखवून दिले, आणि आजही त्यांना तांबड्या पेशींची बेटं म्हणतात. हे गिळणं ऐच्छिक नाही. ज्या उंदरांच्या भक्षकपेशींत डीएनए पचवणारं विकर (एन्झाइम) नसतं, ती पिल्लं पोटात असतानाच रक्तक्षयानं मरतात.

केंद्रक गेल्यावरही पेशी पूर्ण तयार नसते. आत प्रथिनं बनवणारे रायबोसोम असतात, ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया असतात. या अवस्थेला रेटिक्युलोसाइट म्हणतात. पुढच्या एक-दोन दिवसांत ती मायटोकॉन्ड्रियाही स्वतःच पचवून टाकते, रायबोसोम मोडून टाकते, आणि लोह आत घेणारे पटलावरचे ग्राहक रेणू बारीक पुटिकांत (इवल्या पिशव्यांत) भरून बाहेर टाकते. ही पुटिकांची गोष्ट १९८३ मध्ये मॉन्ट्रियलला रोझ जॉनस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीच्या रेटिक्युलोसाइटवर काम करताना पाहिली. पुढे त्या पुटिकांना "एक्झोसोम" हे नाव मिळालं. आज कर्करोगाच्या संशोधनात या शब्दाचा बोलबाला आहे, पण त्याचं मूळ मेंढीच्या रक्तात आहे हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

म्हणजे उरलं काय? पटलाची एक पिशवी, तिच्या आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची लवचीक जाळी, काही विकरं आणि ठासून भरलेलं हिमोग्लोबिन. माणसाच्या एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. आत दुसरं कुठलंच पटल नाही. याचा एक अनपेक्षित फायदा विज्ञानाला झाला. १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी माणूस, कुत्रा, मेंढी, शेळी, ससा अशा प्राण्यांच्या तांबड्या पेशींमधला मेद काढून पाण्यावर एकेरी थरात पसरवला, तर त्यानं पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. पेशीपटल मेदाच्या दोन थरांचं असतं हा निष्कर्ष तिथून निघाला. यकृताची पेशी घेतली असती तर आतल्या डझनभर पटलांचा मेद मिसळून सगळा हिशेब बिघडला असता. (त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पृष्ठभाग कमी मोजला गेला होता. दोन्ही एकमेकींना छेदून उत्तर बरोबर आलं.)

केंद्रक का टाकलं, या प्रश्नाला पुस्तकी उत्तर ठरलेलं आहे: हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून. मला ते अपुरं वाटतं. हिवाळ्यात आपल्याकडे जायकवाडीवर पट्टकादंब येतात. हे हंस हिमालय ओलांडून येतात, आपल्याला धड श्वास घेता येणार नाही अशा विरळ हवेत पंख मारत. त्यांच्या प्रत्येक तांबड्या पेशीत केंद्रक असतं. तेव्हा केंद्रक असलं की ऑक्सिजन नीट वाहून नेता येत नाही, असं म्हणता येत नाही. मला जास्त पटतं ते लवचिकतेचं कारण. केंद्रक हा पेशीतला सर्वांत ताठ भाग. माणसाची ७-८ मायक्रॉनची पेशी तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून जाते, आणि प्लीहेत (पाणथरीत) तर एक मायक्रॉनच्या आसपासच्या फटींतून स्वतःला ओढून काढते. गच्च भरलेलं पोतं अरुंद दारातून जात नाही, अर्धं रिकामं पोतं वाकवून, चेपून नेता येतं. माणसाच्या पेशीचं आकारमान सुमारे ९० फेम्टोलिटर, म्हणजे ९० घन मायक्रॉन. तेवढ्याचा चेंडू केला तर साधारण ९७ चौरस मायक्रॉन पटल पुरेल. प्रत्यक्षात तिच्याकडे १४० च्या आसपास असतं. हे जादा पटल म्हणजे पोत्यातली रिकामी जागा. मधला खळगा त्याचाच परिणाम आहे. ताठ केंद्रक मध्ये असतं तर हे घडी पडणं जमलं नसतं.

हा फायदा झाला. किंमतही मोठी आहे, आणि माझा सगळा व्यवसाय त्या किमतीभोवती चालतो. केंद्रक नाही म्हणजे नवी प्रथिनं नाहीत. पटल फाटलं, विकर झिजलं, तर दुरुस्ती नाही. मायटोकॉन्ड्रिया नाहीत, म्हणून ऑक्सिजननं काठोकाठ भरलेली ही पेशी स्वतः त्यातला कणभरही ऊर्जेसाठी वापरू शकत नाही. ती ग्लुकोज फोडून लॅक्टेट करते आणि एका ग्लुकोजमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचे, दोन रेणू मिळवते. बस. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीवर तिला सोडियम-कॅल्शियम बाहेर ठेवायचे असतात, स्पेक्ट्रिनची जाळी टिकवायची असते आणि हिमोग्लोबिन गंजू द्यायचं नसतं.

ही मिळकत बंद पडली की काय होतं ते पाहायचं असेल तर म्हशीकडे पाहा. चांगली दुधाची म्हैस, तिसरं-चौथं वेत, व्यायल्यावर दोन-चार आठवड्यांनी एका सकाळी कॉफीसारखी गडद लाल लघवी करते. ताप नाही. दूध एकदम आटतं, डोळ्यांची आणि योनीची आतली त्वचा पांढरी पडते, शेण कोरडं होतं. शेतकरी घाबरून सांगतो, "डॉक्टर, रक्त मुततीय." पण ते रक्त नसतं. लघवी काचेच्या बाटलीत तासभर उभी ठेवा. रक्त पडत असेल तर पेशी तळाला बसतात आणि वर फिकट पाणी राहतं. या म्हशीची लघवी वरपासून खालपर्यंत तशीच लाल राहते, कारण त्यात पेशी नसून फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन असतं.

कारण बहुतेक वेळा फॉस्फरसची कमतरता. ग्लुकोज फोडण्याच्या साखळीत मध्यावर एक पायरी आहे, तिथे रक्तातला मोकळा फॉस्फेट उचलून जोडावा लागतो. तो नसेल तर साखळी तिथेच अडते आणि एटीपी तयार होत नाही. शरीरातल्या इतर पेशींना मायटोकॉन्ड्रियाचा आधार असतो, तांबड्या पेशीला दुसरी वाट नाही. तिचं पटल ताठरतं, ती गोलसर होते आणि रक्तप्रवाहातच फुटते. गाभण काळात वासराची हाडं घडवायला फॉस्फरस गेलेला, व्यायल्यावर रोज दुधातून जातोय, आणि पुढ्यात नुसता कडबा नाहीतर उसाचं वाढं. वाळल्या वैरणीत फॉस्फरस कमीच असतो. अशा म्हशीच्या रक्तात तो मोजला तर निरोगी जनावराच्या निम्म्याहूनही कमी निघतो.

शिरेतून सोडियम ॲसिड फॉस्फेट दिलं की वेळेत आलेली म्हैस सावरते. पण जी आधीच खूप फिकट झाली आहे तिला रक्तही द्यावं लागतं, कारण फॉस्फेट नव्या-जुन्या उरलेल्या पेशी वाचवतं, फुटलेल्या परत आणत नाही. अस्थिमज्जेला नवी फौज उभी करायला आठवडा तरी लागतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, लाल लघवी दिसली की त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, "उद्या बघू" म्हणू नका. आणि गाभण म्हशीच्या खुराकात खनिज मिश्रण आणि गव्हाचा कोंडा ठेवा.

लाल लघवीसोबत सडकून ताप असेल आणि अंगावर गोचीड असतील, विशेषतः संकरित गाईत, तर प्रकरण वेगळं. तो गोचीडताप. बबेसिया नावाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, दुभंगतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. स्लाइडवर नासपतीच्या आकाराची जोडी कोन करून बसलेली दिसते. हा रोग गोचिडीमार्फत पसरतो हे अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये सिद्ध केलं, आणि सांधेपाद प्राणी रोग पसरवतात याचा तो पहिल्या भक्कम पुराव्यांपैकी एक होता. परजीवींना ही पेशी का आवडते? अन्न भरपूर, आणि आपल्यात कुणीतरी शिरलंय अशी वर्दी रोगप्रतिकारक पेशींना देण्याची तिची यंत्रणा केंद्रकासोबतच जवळजवळ गेलेली असते.

इथवर "तांबडी पेशी" असा एकवचनी उल्लेख केला, पण प्रत्येक प्राण्यानं या एकाच आराखड्यात आपापले बदल केलेत. ते मला सर्वांत जास्त आवडतात. प्रौढ डुकराच्या तांबड्या पेशी ग्लुकोज जवळजवळ आत घेऊच शकत नाहीत. रक्तात साखर असूनही त्या यकृतातून येणाऱ्या इनोसिन नावाच्या संयुगावर जगतात. कुत्र्याच्या तयार पेशीत सोडियम बाहेर टाकणारा पंप नसतो. म्हणून आपल्या पेशीत पोटॅशियम जास्त तर कुत्र्याच्या पेशीत सोडियम जास्त. याचा व्यवहारातला अर्थ असा, की नळीत रक्त फुटलं तर माणसाच्या किंवा घोड्याच्या अहवालात पोटॅशियम खोटंच चढतं, कुत्र्याच्या सहसा चढत नाही. अकिता आणि शिबा या जपानी जातींत मात्र चढू शकतं, त्यांच्यातल्या काहींच्या पेशी पोटॅशियमवाल्या असतात.

ऑक्सिजन सोडण्याचं तंत्रही एक नाही. आपण, कुत्रा, घोडा यांच्या पेशीत २,३-डीपीजी नावाचं संयुग भरपूर असतं आणि ते हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल करतं. गाय, शेळी, मेंढी, मांजर यांच्यात ते फारच कमी. त्यांच्या हिमोग्लोबिनची पकड मुळातच सैल असते. वैद्यकाच्या पुस्तकात "तांबड्या पेशीत डीपीजी असतं" असं सरसकट वाचलेला विद्यार्थी गाईकडे आला की इथे हमखास अडखळतो.

मांजराबद्दल मात्र सावकाश वाचा, कारण यात जीव जातात. हिमोग्लोबिनवर गंधकाचे काही गट असतात, ते ऑक्सिडीकरणाला हळवे असतात. बहुतेक प्राण्यांत असे सहज क्रिया करणारे दोन, कुत्र्यात चार, मांजरात आठ. ते गंजले की हिमोग्लोबिनचा गोळा होऊन पेशीच्या कडेला चिकटतो. त्याला हाइन्झ पिंड म्हणतात. असा गोळा कुरतडून काढण्याचं काम प्लीहा करते, पण मांजराची प्लीहा त्यात कच्ची. थोडे हाइन्झ पिंड निरोगी मांजरातही दिसतात. त्यात पॅरासिटामॉल पडलं की संपलं. मांजराचं यकृत ते औषध नीट निकामी करू शकत नाही, आणि साठणारा विषारी घटक थेट या पेशींवर येतो. हिरड्या तपकिरी, तोंड आणि पंजे सुजलेले, श्वास जलद. अंग गरम लागलं म्हणून घरातली अर्धी गोळी प्रेमानं भरवलेली मांजरं मी टेबलावर मरताना पाहिली आहेत. मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. चुकून पोटात गेलं तर लक्षणांची वाट न पाहता घेऊन या, ॲसिटिलसिस्टीन हा उतारा लवकर दिला तर वाचू शकतं. कांद्याचंही तसंच. कांद्याची भजी, कांदा घातलेला रस्सा कुत्र्या-मांजराला घालू नये, शिजवल्यानं कांद्यातला हा दोष जात नाही.

आकाराबद्दल लोकांचा एक समज असतो, मोठा प्राणी, मोठी पेशी. उंदराची पेशी सुमारे ६ मायक्रॉन आणि घोड्याची ५.७, म्हणजे उंदराची थोडी मोठीच. शेळीची जेमतेम साडेतीन. हत्तीची नऊच्या पुढे. सर्वांत लहान मानली जाते ती जावा बेटावरच्या मूषकमृगाची, दोन मायक्रॉनच्या आसपास. सह्याद्रीत दिसणारी आपली पिसोरी याच कुळातली. आकारात एवढा फरक असला तरी पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनची दाटी मात्र बहुतेक सस्तन प्राण्यांत एकच, दर १०० मिलिलिटरला ३२ ते ३६ ग्रॅमच्या घरात. त्याहून दाट केलं तर आतला द्रव घट्ट होऊन पेशी वाकेनाशी होते. उंट आणि लामा इथेही वेगळे, त्यांची दाटी यापेक्षा बरीच वर जाते.

शेळीच्या बारक्या पेशींनी एकदा गोंधळ घातला होता तो सांगतो. माणसांच्या रक्तासाठी लावलेल्या यंत्रावर कुणीतरी शेळीचं रक्त चालवलं. अहवालात तांबड्या पेशी अत्यंत कमी आणि प्लेटलेट अफाट. मालक रडकुंडीला आलेला. शेळी गोठ्यात मजेत चरत होती. शेळीच्या पेशीचं आकारमान १६ ते २५ फेम्टोलिटर, आणि त्या यंत्राच्या लेखी एवढी लहान वस्तू म्हणजे प्लेटलेटच. तिच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड कोटीपर्यंत तांबड्या पेशी असतात, माणसाच्या तिप्पट. आपल्या जनावराचं रक्त तपासायला देताना यंत्र त्या प्राण्यासाठी लावलेलं आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

घोड्याचं आणखी निराळं. तो आपल्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा ठेवतो आणि धावताना किंवा घाबरला की तो रक्तात सोडतो. सुई पाहून बिथरलेल्या घोड्याचा पेशींचा हिशेब म्हणूनच फसवा असतो. शिवाय रक्तक्षय झाला तरी तो रेटिक्युलोसाइट रक्तात सोडत नाही, पेशी पूर्ण तयार होईपर्यंत मज्जेतच ठेवतो. त्याच्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचून बसतात, त्यामुळे उभ्या नळीत झरझर खाली येतात. गाईच्या पेशी चवड करत नाहीत, त्या तासभरात मिलिमीटरभरही खाली सरत नाहीत. पेशी नळीत खाली बसण्याचा हा वेग म्हणजेच ईएसआर. माणसांत त्याला एवढं महत्त्व आहे, पण गाईत तो निरुपयोगी.

मग सस्तन प्राण्याच्या रक्तात केंद्रकवाली तांबडी पेशी कधीच दिसत नाही का? दिसते, आणि दिसली की मी थांबतो. जोराचा रक्तस्राव किंवा रक्तविघटन झाल्यावर घाईला आलेली मज्जा अर्धवट तयार पेशी सोडते, तेव्हा सोबत भरपूर रेटिक्युलोसाइटही असतात. पण कुत्र्याला रक्तक्षय फारसा नसताना केंद्रकवाल्या पेशी भरपूर आणि पेशींत निळे बारीक ठिपके असतील, तर मी मालकाला जुना रंग खरवडलेला, जुन्या बॅटऱ्या पडलेल्या जागा विचारतो. शिशाची विषबाधा अशी दिसते. प्लीहेच्या किंवा मज्जेच्या आजारातही त्या येतात. मोजणी यंत्रं या पेशी पांढऱ्यांत धरून बसतात, म्हणून आकड्यांवर न विसंबता स्लाइड डोळ्यांनी पाहावी लागते. गर्भात मात्र हे स्वाभाविक आहे. सस्तन प्राण्याच्या भ्रूणात अगदी पहिल्या तांबड्या पेशी केंद्रकासकट रक्तात फिरतात आणि फिरता फिरताच केंद्रक टाकतात.

राहिला "जगते कशी" हा भाग. माणसाची पेशी १२० दिवस जगते हे कळलं त्यात डेव्हिड शेमिन यांचा मोठा वाटा. त्यांनी जड नायट्रोजननं खूण केलेलं ६६ ग्रॅम ग्लायसिन तीन दिवसांत स्वतः खाल्लं आणि पुढे कित्येक महिने आपलंच रक्त तपासलं. १९४६ मध्ये आलेलं त्यांचं उत्तर होतं १२७ दिवस. घोड्याची पेशी १४०-१५० दिवस जगते, कुत्र्याची शंभराच्या थोडी वर, मांजराची सत्तर, उंदराची चाळीस. आणि कोंबडीची, जिच्यात केंद्रक शाबूत असतं? महिनाभर. केंद्रक असलं म्हणजे आयुष्य वाढतं असं नाही. पण काही कासवांच्या केंद्रकवाल्या पेशी वर्षाहून जास्त टिकतात. आयुष्याचा संबंध शरीराच्या चयापचयाच्या वेगाशी जास्त लागतो.

म्हातारी पेशी कशी ओळखली जाते तेही या बिनदुरुस्तीच्या जगण्यातूनच येतं. विकरं झिजतात, पटलाचे तुकडे गळत जातात, पोत्यातली रिकामी जागा संपते आणि ती प्लीहेच्या फटीत अडकू लागते. पटलावरची प्रथिनं एकत्र गोळा होतात, त्यांवर प्रतिपिंडं बसतात, आणि प्लीहा-यकृतातल्या भक्षकपेशी तिला उचलतात. माणसात दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त पेशी अशा जातात आणि तेवढ्याच नव्या येतात. हिमोग्लोबिनमधलं लोह काढून परत मज्जेकडे पाठवलं जातं, रोज २० ते २५ मिलिग्रॅम. अन्नातून येणारं लोह त्यापुढे किरकोळ, एक-दोन मिलिग्रॅम. ज्या भक्षकपेशी मज्जेत तिचं केंद्रक गिळतात, त्यांच्याच जातीच्या पेशी शेवटी तिला गिळतात.

तिला जिवंत म्हणायचं का? ती ऊर्जा कमावते, क्षारांचा तोल राखते, आकार बदलते, उपासमार झाली की मरते. म्हशीच्या गोठ्यात ते मरणं डोळ्यांनी पाहिल्यावर मला तरी शंका उरलेली नाही. प्रजनन करत नाही म्हणून निर्जीव ठरवायचं तर मेंदूतल्या बहुतेक चेतापेशीही निर्जीव ठरतील.

परीक्षेत उंटाचा प्रश्न आला तर "लंबगोल, केंद्रकविरहित" असं लिहा. उत्तरसूची वेगळं म्हणत असेल तर हरकत नोंदवा, पुरावा देणं अवघड नाही. उंटाच्या कानाच्या शिरेतून एक थेंब, काचपट्टीवर पातळ पसरवायचा, वाळल्यावर मिथेनॉलमध्ये बुडवायचा, जिम्सा घालायचा. शेजारी कोंबडीच्या रक्ताची पट्टी तशीच करून ठेवा. कोंबडीच्या प्रत्येक लंबगोल पेशीत मधोमध जांभळं केंद्रक दिसेल. नंतर उंटाची पट्टी सरकवा.